कानस न लागलेले टोक

माझ्या भावाने विमान बांधले आणि ते उडाले. एवढे लिहायला मला आजची सकाळ लागली. कारण पुढचे वाक्य असे आहे, की त्यानंतर महिना पुरा व्हायच्या आत तो गेला, आणि विमानातून पडून गेला नाही. इथे धारला ओळखीची माणसे अजून विचारतात, "पडला ना हो तो?" मी नाही म्हणते. मग मी काहीतरी झाकते आहे अशा नजरेने ती बघतात. पडला असता तर त्यांना ते समजले असते. कदाचित मलाही.

आम्ही दोघेच भावंडे. तो रांगत होता तेव्हा आई गेली. मी लग्न होऊन सासरी गेले आणि वर्षाच्या आत कुंकू पुसून परत आले. वडील धारच्या शाळेत मास्तर होते. माझ्यापुढे काय ठेवावे ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी पुस्तके ठेवली. मराठी संपली तेव्हा इंग्रजी शिकवून तीही ठेवली. भावाला मी वाढवले. लाट मशिदीपाशी एक जुना लोखंडी खांब तुकडे होऊन पडला आहे, त्याला जागोजागी भोके आहेत. इतर मुले त्याच्यावर चढून उड्या मारीत. हा भोकांत बोट घालून बसे. "अक्का, यात काय बसवलेलं होतं? ते निघालं म्हणून हा पडला का?" मला माहीत नव्हते. अजूनही नाही.

वडील गेल्यावर त्याला देवासला थोरल्या पातीच्या कारखान्यात जागा मिळाली आणि आम्ही तिकडे बिऱ्हाड केले. देवास म्हणजे गाव एक आणि राज्ये दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. कुठेकुठे रस्त्याची ही कड एका सरकारची तर समोरची दुसऱ्या सरकारची. कारखान्यात दरबारच्या बग्ग्या, मेणे, पालख्या आणि एकुलती एक मोटार दुरुस्त होत असे. तिथला म्हातारा मिस्त्री माळव्यातलाच, तोंडाने फटकळ. भावाला तो भिया म्हणे आणि मला जीजी.

वाचनालयात एक विलायती साप्ताहिक येई. त्यात विमानांची चित्रे येऊ लागली तशी भावाची झोप उडाली. तो अंक घरी आणी, मी वाचून अर्थ सांगे, तो खडूने फरशीवर आकृती काढी. इंजिन मिळणे शक्य नव्हते. तेव्हा आधी बिनइंजिनाचे, माणसांनी दोराने ओढून वर चढवायचे विमान करायचे, असे त्याने ठरवले. बागलीच्या जंगलातून वेळू आले, मुख्य दांड्यांना सागाच्या बारीक पट्ट्या आल्या, आणि पंखांचे कापड मी शिवले.

पंख किती लांब, किती रुंद, शेपूट कसे, सगळे अंकातल्या एका लेखात होते. ते एकमेकांना जोडायचे कशाने, याविषयी फक्त एक ओळ होती: सांधे मजबूत असावेत. भाऊ ती ओळ मला पुन्हापुन्हा वाचायला लावी. शेवटी चिडून म्हणाला, "सगळं विमान या एका ओळीत आहे, आणि त्या गोऱ्याने नेमकं तेच लिहिलं नाही."

मला त्या ओळीची धास्ती बसली. उघडे सांगायचे तर मला जगात त्याच्याशिवाय कोणी नव्हते. सासरचे दार बंद झालेले, माहेर म्हणजे हाच. तो वर असताना एक सांधा सुटला, की माझे सगळे संपले, हे मला भाकरी थापताना, पंख शिवताना, देवापुढे बसल्यावर, कधीच विसरता येत नसे. मी ते एकदा बोलून दाखवले. "तुला काही झालं तर मी कुणाची रे?"

"म्हणून तर तुलाच बसवणार आहे परीक्षेला," तो म्हणाला.

परीक्षा म्हणजे आमचा झोपाळा. छताच्या कडीत आणि झोपाळ्याच्या साखळीत तो नवा जोडलेला सांधा अडकवी, आणि मला वर बसवून हळूहळू झोके देई. सांधा तुटला तर मी आभाळातून नव्हे, हातभर उंचीवरून पडणार, असे तो मला समजावी.

पहिल्याने खिळे झाले. खिळा मारताच वेळू उभा चिरे. साग चिरला नाही तरी दोनचार झोक्यांत खिळा दात हलल्यासारखा हलू लागे. मग पालखीला लावतात तसले पितळी स्क्रू आणले. दिसायला फार सुरेख. बारीक पट्टीत त्यांना धरायला लाकूडच नव्हते. मी बसले आणि सगळे स्क्रू भुसा घेऊन बाहेर आले, मी खाली. मिस्त्री दारात उभा होता. "पालखी में देवता बेठे हे भिया, वो हलको रे हे. जीजी के बिठाडनो वे तो दूसरो कंई सोचो." मी वळून बघितले तसा तो पसार झाला. भाऊ इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले.

मेण लावलेल्या दोऱ्याने घट्ट गुंडाळलेले सांधे चांगले निघाले, आणि पंखांच्या बारीक फासळ्या त्याने तशाच बांधल्या. पण मुख्य दांडे जिथे मिळत, जिथे माणसाचे वजन येणार, तिथे आरपार भोक पाडून बोल्टच घालायला हवा, दोन्हीकडे वायसर देऊन. इंदूरच्या बाजारातून बोल्ट आणले. ते मऊ लोखंडाचे निघाले. नट जरा जास्त आवळला की आटे झिजून नट नुसता गरगर फिरे. आता काय, असे काही दिवस गेले. तो जेवताना बोटांनी ताटाच्या काठावर नट फिरवल्यासारखे करी.

पागेच्या मागे एक मोडकी विलायती बग्गी पडलेली होती. कित्येक पावसाळे ती तिथेच लिदीच्या ढिगात रुतली होती, तिच्यावर कोंबड्या बसत. तिचे बोल्ट त्याने मागून घेतले. घासलेटात भिजवून, गंज पुसून त्याने ते माझ्यापुढे ओळीने मांडले तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. मुंजीतही तो इतका आनंदात नव्हता. पोलाद कठीण होते, आटे कोरे करकरीत होते. झोपाळ्यावर मी बसले, मग तो माझ्याशेजारी बसला, मग मिस्त्रीलाही हाक मारून बसवले. सांधा कुरकुरलाही नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण गेले.

बोल्टांत एकच खोट होती. बग्गीचे जाड लाकूड धरण्यासाठी केलेले ते, आमच्या पट्ट्यांना फार लांब. नट ढिला पडू नये म्हणून त्याने एकावर एक दोन नट दिले, तरी टोक बाहेर उरेच. ते तो लोखंडाच्या करवतीने कापी आणि कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत करी. मग मला म्हणे, "बोट फिरव. लागलं तर सांग." मी डोळे मिटून प्रत्येक टोकावरून बोट फिरवी. कपडा फाटायला नको म्हणून ही काळजी, एवढेच आमच्या डोक्यात होते.

पावसाळ्यात सगळे जोडून झाले. सरकारांनी परवानगी दिली, की दसऱ्याला सीमोल्लंघनाची स्वारी निघायच्या आधी हद्दीवरच्या माळावर हा खेळ दाखवावा. इकडून उडून विमान धाकट्या पातीच्या हद्दीत उतरायचे, म्हणजे हवेतून सीमोल्लंघन. ही कल्पना भावाचीच. तिच्यापायी त्याला पंख फुटले होते.

पण पाऊस थांबला, आश्विनाचे ऊन पडले, आणि लाकूड सुकून आकसले. अष्टमीला त्याने पाहिले तर सगळे नट ढिले. तो दिवसभर कारखान्यात एकेक आवळत बसला. आवळल्यावर टोके पुन्हा बाहेर आली. ती पुन्हा कापली. घासायला सुरुवात केली, आणि बसण्याच्या जागेजवळची थोडी राहिली असताना दिवस मावळला आणि मिस्त्री टोपली घेऊन हत्यारे गोळा करायला आला.

खंडेनवमीची आमच्याकडची रीत अशी. राजवाड्यात तलवारी पूजेला बसतात आणि कारखान्यात करवती, हातोडे, पाने, कानशी. धुऊन पुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहायची, आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन होऊन स्वारी परत येईपर्यंत कोणी एकाही हत्याराला हात लावायचा नाही. भावाने स्वतःची कानस स्वतः टोपलीत ठेवली. "मधल्या ओळीत मांडा हां भिया," एवढे मात्र त्याने मिस्त्रीला बजावले.

दसऱ्याला मी लवकर कारखान्यात गेले. माळावर शुभकार्याला माझे तोंड कोणी बघायला नको, म्हणून मी आधीच शेवटचे बोट फिरवून घेणार होते. हाताने धरायच्या आडव्या दांड्याशी एक टोक बोटाला चरकन लागले. रक्त आले नाही, पण कातडी ओरखडली.

"हे लागतंय."

"माहीत आहे. पूजा उठली की घासतो."

"आज उडणार आणि उद्या घासणार?"

"अक्का, टोक काही उडायच्या आड येत नाही. सांधा बघ. हलतोय?"

सांधा हलत नव्हता. मी इकडेतिकडे पाहिले. पाट तिथेच भिंतीशी होता, आणि मधल्या ओळीत त्याची कानस, तिच्यावर एक झेंडू. मी म्हणाले, "घे उचलून. मी कुणाला सांगणार नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू सांगतेस? वाळत घातलेल्या सोवळ्याला माझी सावली पडली तर पुन्हा धुणारी तू?"

मिस्त्री पाटाआड येऊन उभा राहिला. "नी जीजी, नी. माताजी को दन हे. आज लोखंड सूतो हे, उके जगाणो नी."

"तुमची माताजी एका कानशीसाठी रागावणार आहे?" मी विचारले. माझ्या तोंडून असे शब्द कधी गेले नव्हते.

भाऊ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अगं, दोर ही माणसं ओढणार आहेत. कानस उचलली तर एकजण दोराला हात लावायचा नाही. मग मी सरकारांपुढे काय, झोपाळ्यावर बसून उडू?" आणि मला हसू आले.

मी पंखांच्या उरलेल्या कापडाची पट्टी फाडून त्या टोकावर घट्ट गुंडाळली. दुसरे काय करणार होते.

विमान उडाले ते मी कारखान्याच्या माळाकडच्या खिडकीतून पाहिले. दोर ओढणारी माणसे धावत सुटली, विमान आधी धडपडले, मग जमिनीवरून सुटले आणि चिंचेच्या शेंड्याइतके वर गेले. मी फक्त सांध्यांकडे बघत होते. तितक्या लांबून ते दिसणे शक्य नव्हते, तरी बघत होते. हद्दीचा ओढा ओलांडून ते पलीकडच्या गवतात टेकले. एकही सांधा सुटला नव्हता.

तो परत आला तेव्हा लोक त्याच्या हातात आपट्याची पाने कोंबत होते. पाने लाल झालेली होती. टेकताना हिसका बसून पट्टी सरकली आणि त्या टोकाने अंगठ्याच्या मुळाशी कातडी फाडली, नखाएवढी. मी हात धुतला, हळद दाबली, पट्टी बांधली. "बघ, त्या बग्गीने भाडं वसूल केलं," तो म्हणाला. दोन दिवसांत खपली धरली. तो जखम विसरला. मीही, सांधे टिकले या सुखात, विसरले.

कोजागरीला त्याने आटीव दूध मागून घेतले. त्यानंतर लवकरच एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "अक्का, भाकरी आज चिवट झालीय का गं?"

भाकरी रोजच्यासारखीच होती. त्याचा जबडा उघडत नव्हता.

दरबारच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "जखम कुठं आहे?" मी त्याची मूठ उघडून खपली दाखवली. लागले कशाने, ते सांगितले. बोल्ट कुठले, तेही सांगितले. त्यांनी चष्मा काढला. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे विष असते, धुऊन पुसून ते जात नाही, असे म्हणाले. यावर टोचायचे औषध महूच्या छावणीत असले तर असेल. पण ते जखम होते त्याच दिवशी टोचायचे. "तरी मागवू," ते म्हणाले. मिस्त्री स्वतः दरबारच्या मोटारीतून महूला गेला आणि औषध घेऊन आला. ते टोचले. काही झाले नाही.

धनुर्वात झालेल्या माणसाला आवाज सोसत नाही. भांडे वाजले तरी अंग कमानीसारखे वाकते आणि तो सारा वेळ शुद्धीवर असतो. मी दारेखिडक्या लावल्या. फरशीवर गोधड्या अंथरल्या. ज्या झोपाळ्यावर मी इतक्यांदा बसले, त्याच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या, तरी वाऱ्याने तो कुरकुरे, म्हणून शेवटी पाट सोडवून बाहेर टाकला. पण राजवाड्यांवर चौघडा वाजे. डॉक्टरांच्या शब्दावर थोरल्या पातीचा चौघडा बंद झाला. मला वाटले, आता शांत होईल. तेवढ्यात समोरच्या राज्याचा चौघडा सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची पाठ गादीवरून उचलली गेली. फक्त टाचा आणि डोके टेकलेले.

मी तशीच धावत निघाले. रस्त्यातून धावणारी विधवा बघून लोक बाजूला होत होते. धाकट्या पातीच्या नगारखान्याखाली उभी राहून मी ओरडले. वरच्या माणसाला माझे बोलणे ऐकू जाईना. तो वाजवत राहिला आणि मी पदर पसरून ओरडत राहिले. शेवटी एक शिपाई आला. त्याने सगळे ऐकून घेतले, वर जाऊन वाजवणाऱ्याचा हात धरला, आणि खाली येऊन म्हणाला, "जा बाई. नाही वाजणार." फार भला माणूस. मी परत आले तेव्हा गावात इतकी शांतता होती की मला माझाच श्वास ऐकू येत होता.

त्या शांततेत तो दातांतून बोलला. समजायला मला कान त्याच्या ओठांशी न्यावा लागला. "नट... ढिला झाला होता का?"

"एकही नाही रे."

त्याने डोळे मिटले. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

या रोगात चेहरा ताणला जाऊन ओठ फाकतात. भेटायला आलेल्या बायका म्हणत, किती हसऱ्या चेहऱ्याने गेला हो. तो हसत नव्हता. मला तो हसताना कसा दिसे ते चांगले ठाऊक आहे, आणि त्या बायकांनी मला ते विसरायला लावू नये म्हणून मी उठून आत गेले.

सुतक फिटल्यावर मी कारखान्यात गेले. विमान मोडायचे ठरले होते, आणि बोल्ट काढून ठेवायचे. मिस्त्रीने नटांना पाना लावला होता, पण ते हलेनात. भावाने ते इतके आवळले होते. शेवटी सांध्यांच्या दोन्ही बाजूंनी लाकूडच कापायला काढले होते. मी त्या आडव्या दांड्यापाशी गेले. माझी पट्टी वाळून तपकिरी झालेली, अजून लोंबत होती.

मी कानस मागितली.

"अब कंई फायदो, जीजी?" मिस्त्री म्हणाला. पण त्याने ती आणून दिली. तिच्या मुठीला कुंकू लागलेले होते.

मला कानस धरता येत नव्हती. तो कशी धरी ते आठवून धरली आणि घासू लागले. थोडी लोखंडाची धूळ पडली. मी बोट फिरवले, पुन्हा घासले, पुन्हा बोट फिरवले. लागले नाही.

चुलीवर ठेवलेले दूध वर यायला लागतो, तेवढाही वेळ लागला नव्हता.

मी तिथे उभी होते. मिस्त्रीने माझ्या हातातून कानस घेतली नाही, आणि मला ती खाली ठेवता येईना. मग मी शेजारच्या टोकाकडे वळले, कारण तेही राहिले होते.